पासपोर्ट सोडला तरच आपला?

फुटबॉलपटू रायन विल्यम्सने भारताकडून खेळायला भारताचं नागरिकत्व घेतल्यापासून आमच्या बेळगावातल्या फुटबॉलवाल्यांत वाद चाललाय. एक गट म्हणतो, बाहेरचा कशाला, आपली पोरं काय कमी आहेत? दुसरा म्हणतो, ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून आला, म्हणजे खरा आपला. मला दोन्ही पटत नाही. दुसरं तर अजिबात नाही.

रायन पर्थचा. इंग्लंडमध्ये फुलहॅम, पोर्ट्समथ असं खेळून 2023 मध्ये बंगळूर एफसी या क्लबात आला. आईकडून मुळं मुंबईच्या अँग्लो-इंडियन घरातली, आजोबा राज्यांच्या संतोष ट्रॉफी स्पर्धेत मुंबईकडून खेळलेले. त्याच्या आधी, जन्मदेशाचा पासपोर्ट सोडून भारताकडून खेळणं, हेच इझुमी अराताने केलं होतं. जन्म जपानमधला, आई जपानी, वडील गुजराती. 2006 मध्ये ईस्ट बंगालकडून खेळायला कोलकात्यात आला, मग मुंबईत महिंद्रा युनायटेड, 2009 पासून पुणे एफसी. भारताकडून खेळायचं म्हणून त्याने जपानचं नागरिकत्व सोडलं, कागदोपत्री नीलकंठ खंबोलजा झाला. 2013 मध्ये पॅलेस्टाईनविरुद्ध पहिली मॅच मिळाली तेव्हा वय तीस. पुढे हाताच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्याच मॅच. जन्मभूमीचं नागरिकत्व देऊन पदरात पडलं ते एवढंच, आणि आज बॉलमागे धावणाऱ्या पोरांना त्याचं नावही ठाऊक नसतं. मला हे फार लागतं.

दुहेरी नागरिकत्व आपल्या कायद्यात नाही. त्यात 2008 साली केंद्र सरकारने ठरवलं की देशाकडून खेळायला भारतीय पासपोर्टच हवा, ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड, चालणार नाही. ओसीआयवाल्याला नागरिक व्हायचं तर कार्ड घेऊन पाच वर्षं झालेली हवीत आणि अर्जाआधी वर्षभर भारतात राहिलेला हवा. फुटबॉलपटूच्या पायांत दहा-बारा वर्षं असतात हो! त्यातली किती कागदांत घालवायची? आणि पाय थकल्यावर, आई-वडील जिथे राहतात त्या देशात जायला व्हिसाच्या रांगेत उभं राहायचं.

आम्हा सीमाभागातल्या लोकांना हे कुणी समजावून सांगायला नको. आधार कार्डावर कर्नाटक, सासर कोल्हापूर नाहीतर चंदगड, भाऊ पुण्यात, शेताचा उतारा कन्नडमध्ये, आणि देव्हाऱ्यात जोतिबाच्या शेजारी सौंदत्तीची यल्लम्मा. आमच्यातल्या किती जणांना "तुम्ही नक्की कुणाचे?" हे आयुष्यभर ऐकावं लागलंय. एक धागा तोडून दाखव, मग दुसरा खरा मानतो, ही अट आपल्याला लावली की आपण पेटून उठतो. मग तीच अट पर्थच्या पोराला लावताना टाळ्या कशा वाजवतो?

इनाकी आणि निको विल्यम्स घ्या. सख्खे भाऊ. आई-बाप घानाचे, सहारा वाळवंट तुडवत स्पेनला पोहोचलेले. थोरला घानाकडून खेळतो, धाकटा स्पेनकडून. 2024 च्या युरो कप फायनलमध्ये इंग्लंडवर पहिला गोल धाकट्याचाच. क्लबला दोघं एकाच बिल्बाओच्या टीमचे. मोरोक्को 2022 मध्ये वर्ल्डकपच्या सेमीफायनलला गेला तेव्हा 26 पैकी 14 खेळाडू परदेशात जन्मलेले होते. त्यांचा हकिमी तर स्पेनमधल्या माद्रिदचा, आणि स्पेनला बाहेर काढणारी शेवटची पेनल्टी त्यानेच मारली. त्याच्यावर कुणी शंका घेतली नाही.

"आपल्या पोरांच्या जागा जातील" ही भीती मात्र खोटी नाही, तिला उत्तर द्यायला हवं. खानापूर, निपाणीकडचं पोर भारताच्या संघात पोहोचत नाही ते रायनमुळे नाही. पावसाळा संपला की चार स्पर्धा, मग वर्षभर सगळं थंड. मैदानावर कधी प्रदर्शन, कधी सभा, आणि त्यानंतर गोलसमोर मांडवाचे खड्डे तसेच. सोळाव्या वर्षी पोर फुटबॉल सोडून बापाच्या दुकानात बसतं. हे दुखणं आपलं आहे, पाहुण्याच्या माथी मारू नका.

आणि पाहुण्याला आपण वागवतो कसं? कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींच्या टीममधून नायजेरियन खेळाडू खेळलेले आपल्यातल्या पुष्कळांनी पाहिलेत. एकदा मॅच संपल्यावर त्यांच्यातला एकजण पायरीवर बसून मोजा काढत होता. अंगठ्याचं नख काळंनिळं झालेलं, मोज्याला चिकटलेलं. तासाभरापूर्वी त्याच्या नावाने बोंबलणारं पब्लिक त्याच्या बाजूने निघून जात होतं. एका पोराने सेल्फी मागितला, त्याने नख तसंच सोडून हसून दिला. सोडा घेणार का, एवढंही कुणी विचारलं नाही. गोल केला तोवर तो आमचा होता.

ओसीआय खेळाडूंना निदान फुटबॉलमध्ये तरी देशाकडून खेळू द्यावं, पासपोर्ट ज्याचा त्याच्याकडे राहू द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. विरोध असेल तर खाली लिहा, पण "बाहेरचा" हा शब्द सोडून मुद्द्यावर लिहा. आणि बंगळूरच्या कंठीरवा स्टेडियमवर रायनच्या क्लबची पुढची मॅच लागली की राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्री निघायचा बेत आहे. रायनला बघायला कोण कोण येणार, कळवा, तिकिटं एकदम काढू.