सायरस, कॅनडा आणि रिकाम्या मागच्या रांगा

कॅनडातल्या मराठी माणसाला परराष्ट्र धोरण आठवतं ते व्हिसा अडकला की. सप्टेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान जस्टिन ट्रुडोंनी खलिस्तानवादी निज्जरच्या हत्येवरून संसदेत भारतावर आरोप केला, भारताने तो फेटाळून लावला, तीन दिवसांत कॅनेडियन पासपोर्टवाल्यांचे व्हिसा बंद झाले आणि आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका रात्रीत पंधरावीस राजदूत तयार झाले. पुढच्याच महिन्यात कॅनडाचे ४१ राजनैतिक अधिकारी भारतातून माघारी आले. मुंबईच्या वकिलातीतलं प्रत्यक्ष कामकाजही थांबलं. "असं यापूर्वी कधीच झालं नव्हतं" हे तेव्हा ज्याच्या त्याच्या तोंडी होतं.

झालं होतं. १९७४ साली, सायरस नावाच्या अणुभट्टीवरून झालं होतं आणि त्याचा पत्ता ट्रॉम्बे, मुंबई ८५ असा आहे.

हे मला ठाऊक आहे ते इथल्या विद्यापीठांत होणाऱ्या भाषणांमुळे. मी इतिहासाचा प्राध्यापक वगैरे नाही, पोटापाण्याचा उद्योग वेगळाच आहे. पण कॅनडाचा इतिहास आणि परराष्ट्र संबंध यावरची व्याख्यानं नि परिषदा ऐकायला जायची खोड लागली आहे. टोरंटो विद्यापीठाच्या ट्रिनिटी कॉलेजात बिल ग्रॅहम सेंटर आहे, हॅमिल्टनला मॅकमास्टरमध्ये विल्सन इन्स्टिट्यूट, ओटावात कार्लटनचं नॉर्मन पॅटरसन स्कूल. सार्वजनिक व्याख्यानं बरीचशी फुकट असतात. कॉफी बरी असते, सँडविचबद्दल न बोललेलं बरं. आणि मागच्या तीन-चार रांगा हमखास रिकाम्या.

या देशात विद्यापीठातल्या भाषणाला एक वजन आहे, हे मला उशिरा कळलं. कॅनडाचं परराष्ट्र खातं १९०९ सालचं, त्याचं पहिलं ऑफिस ओटावात एका न्हाव्याच्या दुकानाच्या वर. म्हणजे राष्ट्र १८६७ चं, पण जगाशी बोलायचं काम बरीच वर्षं लंडनकडेच. आपलं स्वतःचं धोरण काय, हे परराष्ट्रमंत्री लुई सेंट लॉरेंट यांनी जानेवारी १९४७ मध्ये सविस्तर मांडलं ते टोरंटो विद्यापीठातल्या ग्रे व्याख्यानात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कूचिचिंग तळ्याकाठच्या परिषदेत परराष्ट्र खात्यातला एस्कॉट रीड हा अधिकारी पाश्चिमात्य देशांच्या संयुक्त संरक्षण करारावर जाहीरपणे बोलला. नाटो जन्माला यायला तेव्हा दीड-पावणेदोन वर्षं होती. हाच रीड पुढे १९५२ ते ५७ दिल्लीत कॅनडाचा उच्चायुक्त होता.

आणि लेस्टर पिअरसन. सुएझच्या पेचात संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना उभी करण्याबद्दल १९५७ चं शांततेचं नोबेल मिळालेला माणूस. कॅनडाचे पंतप्रधान असताना, एप्रिल १९६५ मध्ये, ते फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठात पुरस्कार घ्यायला गेले आणि भाषणात सुचवून बसले की अमेरिकेने उत्तर व्हिएतनामवरची बॉम्बफेक काही काळ थांबवून पाहावी. दुसऱ्या दिवशी कॅम्प डेव्हिडला राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी त्यांना कोटाला धरून झापलं. सोबतच्या कॅनेडियन राजदूताने ती हकीकत लिहून ठेवली आहे. विद्यापीठातल्या एका भाषणाची एवढी किंमत दुसऱ्या कुणा पंतप्रधानाने मोजली असेल असं वाटत नाही.

आता या परिषदा कशा असतात? सुरुवातीला आपण कुठल्या आदिवासी राष्ट्रांच्या भूमीवर बसलो आहोत याचं निवेदन. पहिल्या रांगेत निवृत्त राजनैतिक अधिकारी. त्यांच्या प्रश्नात प्रश्न कमी, "मी १९८० मध्ये ब्रसेल्सला असताना" जास्त. व्यासपीठावर तरुण इतिहासकार, ज्यांना पिअरसनचा पुतळा जरा हलवून बघायचा असतो. मला हे तरुण आवडतात. शांतिदूत म्हणून मिरवणाऱ्या या देशाने व्हिएतनाम युद्धात अमेरिकेला युद्धसाहित्य विकलं, हे ते कागद दाखवून सांगतात. कोमागाता मारू हे जहाजही ते इमिग्रेशनच्या प्रकरणातून उचलून परराष्ट्र संबंधांत आणतात. १९१४ साली त्यावरचे ३७६ भारतीय प्रवासी व्हँकुव्हरच्या बंदरात दोन महिने अडकले. ते ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन आणि बंदरही साम्राज्याचंच. मग हा मामला घरचा की परराष्ट्राचा? असा प्रश्न पडला की माझी कॉफी गार होते.

पण भारत आला की हेच लोक एकदम एकाच खिडकीतून बघू लागतात.

सायरसची गोष्ट घ्या. कोलंबो योजना या राष्ट्रकुल देशांच्या मदत योजनेखाली कॅनडाने भारताला संशोधनासाठी अणुभट्टी देऊ केली, १९५६ मध्ये करार झाला. भट्टी कॅनडाच्या चॉक रिव्हर अणुसंशोधन केंद्रातल्या एनआरएक्स भट्टीच्या धर्तीवरची, ४० मेगावॅटची. जड पाणी अमेरिकेचं, म्हणून नावात कॅनडा, इंडिया आणि रिॲक्टरच्या आद्याक्षरांमागे 'यूएस' म्हणजे अमेरिकाही आली. होमी भाभा आणि कॅनडाच्या अणुकार्यक्रमाचे प्रमुख डब्ल्यू. बी. लुईस केंब्रिजपासूनचे ओळखीचे. १९६० मध्ये ट्रॉम्बेला भट्टी सुरू झाली. शांततेसाठीच वापरू असं भारताने लिहून दिलं होतं, पण तपासणीची सक्ती करारात नव्हती. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थाच मुळी १९५७ ची. १९७१ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान पिएर ट्रुडोंनी (जस्टिन यांचे वडील) इंदिरा गांधींना पत्र लिहून बजावलं की स्फोट केलात तर आम्ही तो करारभंग समजू. १८ मे १९७४ ला पोखरण झालं. प्लुटोनियम सायरसचं. चार दिवसांत कॅनडाने अणुसहकार्य थांबवलं, १९७६ मध्ये ते कायमचं संपवलं.

इथल्या सभागृहांत ही गोष्ट बहुतेक वेळा याच ठिकाणी संपते. शीर्षकात "विश्वासघात" किंवा त्याचा चुलतभाऊ असतोच.

माझे एक मामा भाभा अणुसंशोधन केंद्रात होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही अणुशक्तीनगरच्या क्वार्टरमध्ये पडीक असायचो. त्या घरात "सायरस" हे नाव ऑफिसातल्या सहकाऱ्यासारखं यायचं: आज सायरस बंद आहे, आज सायरसमुळे उशीर झाला. कामाबद्दल मामा चकार शब्द काढत नसत. तरी त्या वसाहतीत कॅनडाला जाऊन आलेल्यांचा एक वेगळा रुबाब असे, चॉक रिव्हरच्या थंडीच्या कथा असत आणि १९७४ नंतर कॅनेडियनांनी हात काढून घेतल्यावर काय काय स्वतः करावं लागलं याचीही गोष्ट असे. राजस्थानात रावतभाट्याला कॅनडाच्या मदतीने उभ्या राहत असलेल्या अणुवीज केंद्राचा दुसरा संच अर्धवट राहिला होता, तो भारतीयांनी पुरा करून १९८१ मध्ये चालू केला. त्याच जड पाण्याच्या तंत्रावर पुढे भट्ट्या वाढवत नेल्या. आपल्या पालघर जिल्ह्यात तारापूरचे तिसरा आणि चौथा हे ५४० मेगावॅटचे संच त्याच घराण्यातले. हा अर्धा भाग परिषदेत का येत नाही?

आकसामुळे, असं मला नाही वाटत. ओटावाचे कागद खुले आहेत. परराष्ट्र खात्याच्या दस्तऐवजांचे जाडजूड खंड छापलेले आहेत. आपल्याकडच्या अणुखात्याच्या फायली कुलपात. इतिहासकार ज्याचे कागद मिळतात त्याच्या डोळ्यांनी बघतो. व्हिएतनामवर देखरेख करायला १९५४ मध्ये जो आयोग नेमला त्यात भारत अध्यक्ष, कॅनडा आणि पोलंड सदस्य. वर्षानुवर्षं भारतीय आणि कॅनेडियन अधिकारी एका टेबलावर बसले. पण इथल्या निबंधांत कृष्ण मेनन बहुधा खलनायक, कारण त्यांच्यावर वैतागलेल्या कॅनेडियनांच्या तारा उपलब्ध आहेत. मेननना कॅनेडियनांचा किती वैताग आला, ते त्या तारांत कसं सापडणार?

दोष दोन्हीकडचा आहे. शास्त्री इंडो-कॅनेडियन इन्स्टिट्यूट १९६८ पासून दोन्हीकडच्या अभ्यासकांची ये-जा चालवते आहे. पण परदेशी विद्यापीठांतल्या कॅनडा-अभ्यासाला पैसे पुरवणारी 'अंडरस्टँडिंग कॅनडा' ही सरकारी योजना हार्पर सरकारने २०१२ मध्ये गुंडाळली. सरकारच्या हिशेबात ती रक्कम चिल्लर होती. अकरा वर्षांनी दोन्ही राजधान्या एकमेकींवर ओरडत होत्या आणि समोरच्याचा इतिहास माहीत असलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजावी लागत होती. त्या बचतीचं मला आजही हसू येतं.

कनिष्कबद्दल, म्हणजे बॉम्बने उडवलेल्या एअर इंडियाच्या विमानाबद्दल, तर बोलायलाच नको. २३ जून १९८५, ३२९ माणसं, त्यातले बहुसंख्य कॅनेडियन नागरिक. कॅनडाच्या तेव्हाच्या पंतप्रधानांनी सांत्वनाचा फोन केला राजीव गांधींना! परराष्ट्र संबंधांच्या परिषदेत या घटनेवर निबंध आला तर तो शेवटच्या दिवशी, जेवणानंतरच्या सत्रात.

सध्या तर सगळ्यांचं तोंड दक्षिणेला आहे. ट्रम्प यांनी कॅनडाला अमेरिकेचं ५१ वं राज्य करायची भाषा काढल्यापासून पुढच्या रांगाही भरू लागल्यात, १९११ आणि १९८८ च्या मुक्त व्यापारावरच्या निवडणुका लोक पुन्हा उगाळतात. रास्त आहे. भारत 'इंडो-पॅसिफिक' नावाच्या एका सत्रात इतर पाच देशांबरोबर दाटीवाटीने बसतो.

आणि आपण? गणपतीला ढोल-ताशा पथक उभं करतो, दिवाळी अंक काढतो, नाटकाला गर्दी करतो. छानच आहे ते. पण या सभागृहांत मला मराठी चेहरा जवळजवळ दिसत नाही. भारताची बाजू घेऊन भांडायला या असं मी म्हणत नाही. एका परिषदेत एका देशबांधवाने प्रश्नाच्या वेळेत दहा मिनिटं पाच हजार वर्षांची संस्कृती ऐकवली होती, तेव्हा मी बुटाच्या नाड्या बांधत बसलो. माहिती असलेली माणसं हवी आहेत.

मागच्या एका परिषदेत मी वक्त्याला विचारलं, १९७६ ला इतकं तुटलं होतं तर २०१० मध्ये अणुकरार पुन्हा कसा झाला आणि २०१५ मध्ये कॅमेको या कॅनेडियन युरेनियम कंपनीने भारताला पाच वर्षांत ३,००० टनांवर युरेनियम द्यायचं कसं कबूल केलं? मधली पस्तीसेक वर्षं दोन्हीकडचे इंजिनिअर एकमेकांशी बोलत होते की नाही? तो मोकळेपणाने म्हणाला की त्याच्याकडे फक्त ओटावाचे कागद आहेत, मुंबईकडचं कुणी भेटलं तर त्याला हवंच आहे. जाताना त्याने कार्ड दिलं.

तर मिसिसॉगा, ब्रॅम्प्टन, ओटावा, कॅलगरी, कुठेही असा. तुमच्या घरात कुणी चॉक रिव्हरला राहून आलं असेल, रावतभाट्याला कॅनेडियन शेजारी असतील, तर मला इनबॉक्स करा. पत्रं, फोटो, ट्रेनिंगचे दाखले, बायकांनी आईला लिहिलेल्या थंडीच्या तक्रारी, काहीही चालेल. गुप्त काही असेल तर ते मात्र कृपया तुमच्याकडेच ठेवा.