घडा, कुंभार आणि ‘आयात’ नास्तिकता

ठाण्या-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सणावाराला एक मजकूर पुन्हा पुन्हा येतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: देव नाकारणं इंग्रजांबरोबर आलं, आपल्या सहाही दर्शनांनी (तत्त्वज्ञानाच्या परंपरांनी) ईश्वर मानला, देव-परलोक न मानणारा चार्वाक म्हणजे कर्ज काढून तूप पिणारा, देव गेला की नीती गेली, आणि घडा आहे तर कुंभार असणारच, एवढंही नास्तिकांना कळत नाही. यातलं जवळपास काहीच तपासणीला टिकत नाही.

‘इंग्रजांनी आणलं.’ ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलातलं बारावं सूक्त सांगतं की लोक इंद्राविषयी ‘तो कुठे आहे?’ असं विचारतात, ‘तो नाहीच’ असंही म्हणतात. त्यावर श्रद्धा ठेवा, असं सूक्त विनवतं. समोर नाकारणारे असल्याशिवाय अशी विनवणी कशाला? अयोध्याकांडातला जाबाली तर रामालाच सुनावतो: इथे एकाने जेवलेलं दुसऱ्याच्या पोटात जात असेल, तर प्रवासाला निघालेल्याच्या नावाने श्राद्ध घाला, शिदोरी देऊ नका. राम संतापतो, त्याचं म्हणणं खोडतो. पण रामायणाने ते गाळलेलं नाही. मजकुरातला एक अंश खरा आहे. आगरकरांवर मिल आणि स्पेन्सर या इंग्रज विचारवंतांचा प्रभाव होता आणि 1888 साली निघालेल्या ‘सुधारक’मध्ये तो दिसतो. मात्र प्रश्न त्याच्या कितीतरी आधी इथेच विचारून झाला होता.

‘सहाही दर्शनं.’ इथे घोटाळा शब्दाचा आहे. मनुस्मृतीत (2.11) नास्तिक म्हणजे वेदांची निंदा करणारा. पाणिनीच्या सूत्रावर (4.4.60) काशिका ही टीका सांगते की परलोक मानतो तो आस्तिक. या दोन्ही व्याख्यांत ईश्वर कुठेच नाही. मजकूर लिहिणाऱ्याने सहा ‘आस्तिक’ दर्शनांच्या जुन्या यादीतला हा शब्द आजच्या, म्हणजे ‘देव मानणारा’ या अर्थाने वाचला आणि सगळं तिथेच फसलं. या सहांपैकी मीमांसा दर्शनाचे कुमारिल भट्ट वेदांचे कट्टर समर्थक, तरी श्लोकवार्तिकात ते सृष्टिकर्त्यालाच आव्हान देतात: करुणेपोटी जग निर्माण केलं म्हणता, पण सृष्टीआधी प्राणीच नव्हते, मग करुणा कोणाची आली? आणि आलीच, तर सगळं सुखाचंच का नाही केलं? सहांतल्याच सांख्य दर्शनाच्या सूत्रांत (1.92) ‘ईश्वरासिद्धेः’ आहे, म्हणजे ईश्वर सिद्ध होत नाही म्हणून. भाष्यकार विज्ञानभिक्षूंनी त्याला सौम्य अर्थ दिला, तोही विचारात घ्यायला हवा. नास्तिक मित्रांनीही कुमारिलांना आपल्या बाजूला उभं करू नये. यज्ञ आणि वेदांचं अपौरुषेयत्व (ते कोणीही रचलेले नाहीत, हे मत) त्यांना प्राणाहून प्रिय होतं.

‘ऋणं कृत्वा घृतं पिबेत्.’ ही ओळ ज्या सर्वदर्शनसंग्रहातून सगळे उचलतात तो 14व्या शतकातला ग्रंथ वेदान्ती माधवाचार्यांचा, म्हणजे प्रतिपक्षाचा. त्यातल्या चार्वाक प्रकरणाच्या सुरुवातीला हाच श्लोक ‘नास्ति मृत्योरगोचरः’ असा येतो: मृत्यूच्या तावडीबाहेर कोणी नाही. कर्ज आणि तूप येतं ते प्रकरणाच्या शेवटी. चार्वाकांचं मूळ सूत्र हरवलं, उरले ते विरोधकांनी दिलेले उतारे. त्यांतून ‘चैनी’ हा शिक्का मारणं अन्यायाचं आहे.

नीतीचं उत्तर टेंभी नाक्यावरच आहे. नवरात्रात जिथे देवीच्या दर्शनाची रांग लागते, तिथेच मुनिसुव्रत स्वामींचं जैन मंदिर आहे. जैनांना सृष्टिकर्ता मान्य नाही, आणि अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह ही पाच व्रतं ते किती कसोशीने पाळतात, हे ठाणेकरांना सांगायला नको.

आता घडा. हा मुद्दा खरोखर मोलाचा आहे आणि मजकुराने त्याची माती केली आहे. नैयायिक, म्हणजे न्याय दर्शनाचे तर्कपंडित, हे अनुमान पाच अवयवांत (पायऱ्यांत) मांडतात. प्रतिज्ञा: पृथ्वीला कर्ता आहे. हेतू: कारण ती कार्य आहे. उदाहरण: जे जे कार्य त्याला कर्ता, जसा घडा. उपनय: पृथ्वीही तशीच. निगमन: म्हणून तिलाही कर्ता आहे. विरोधक हल्ला करतो तो उदाहरणावर, कारण व्याप्ती, म्हणजे ‘जिथे हे तिथे ते’ हा नियम, तिथे असतो. येऊरच्या रानात गवत आपसूक उगवतं, तेही कार्यच, कर्ता कुठे? नैयायिक म्हणतो, गवत वादातच आहे, ते पुरावा म्हणून चालणार नाही. हे उत्तर योग्य आहे.

मग येते उपाधी, म्हणजे नियमात लपलेली जास्तीची अट. जिथे जिथे कर्ता दिसला, तिथे शरीर होतं: चाक फिरवणारे हात, माती तुडवणारे पाय. म्हणजे कर्ता सिद्ध होतो तो ‘शरीराने घडवलेलं’ असण्यावरून, नुसत्या ‘कार्य’ असण्यावरून नाही. यावर न्याय दर्शनाचं उत्तर असं की कर्तेपण ज्ञान, चिकीर्षा (करण्याची इच्छा) आणि प्रयत्न यांत आहे, शरीर हे फुकटचं विशेषण आहे. आणखी एक आक्षेप अनेक कर्त्यांचा. जुने ग्रंथ महाल आणि वारुळाचा दाखला देतात. आज घोडबंदर रोडवरचा कुठलाही टॉवर पाहावा, एका गवंड्याने तो उभा राहत नाही. त्यावर नैयायिक लाघवाचा, म्हणजे कमीत कमी गोष्टी मानण्याच्या तत्त्वाचा, आधार घेतात: एकाने भागत असेल तर अनेक कशाला मानायचे?

ईश्वराची बाजू मांडणाऱ्या नैयायिक उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत असे आक्षेप गंभीरपणे घेतले, कोणाला परका म्हणून हाकललं नाही. मजकूर पुढे पाठवणाऱ्याला त्यांची बाजू घ्यायची असेल, तर ज्ञान, चिकीर्षा आणि प्रयत्न शरीरावाचून कुठे आढळतात, ते त्याने आधी दाखवावं.