काही करत नाही हो तो!

2025 च्या ऑगस्टमधे सुप्रीम कोर्टाने आधी 11 तारखेला दिल्लीतली भटकी कुत्री उचलून शेल्टरमधे ठेवा म्हणून सांगितलं, मग 22 तारखेला ते बदलून नसबंदी आणि लस करून जिथली तिथे परत सोडा, पिसाळलेली आणि अंगावर येणारी सोडून, असं सांगितलं, आणि तेव्हापासून आमच्या फॅमिली ग्रुपवर दोन पार्ट्या पडल्यात. पुण्याचा दादा 'उचला सगळी' पार्टीत, मावशी 'मुकी बिचारी' पार्टीत. नोव्हेंबरमधे शाळा, हॉस्पिटल, स्टेशनच्या आवारातली कुत्री हलवायचा आदेश आला आणि परत पेटलं. मी इंग्लंडमधे राहते म्हणून दोघंही मला साक्षीला ओढतात, 'तुमच्याकडे बघ कसं आहे' म्हणून.

तर आमच्याकडे कसं आहे ते सांगते, दोघांनाही आवडणार नाही.

इकडे रस्त्यावर भटकं कुत्रं दिसत नाही हे खरंय. सापडलं तर काउन्सिल, म्हणजे इकडची नगरपालिका, नेतं, 7 दिवस ठेवतं, मालक नाही आला तर दुसऱ्या कोणाला देता येतं किंवा इंजेक्शन देऊन मारताही येतं, हा शेवटचा भाग दादाच्या फॉरवर्डमधे कधीच नसतो. पण म्हणून पाळलेल्या कुत्र्यांवर हल्ले होत नाहीत असं नाही, होतात, फक्त करणारी कुत्रीही पाळलेलीच असतात. पार्कात पट्ट्याशिवाय हुंदडणारा एखादा धिप्पाड गडी आपल्या बांधलेल्या कुत्रीच्या अंगावर येतो आणि लांबून मालक ओरडतो, घाबरू नका, फ्रेंडली आहे तो. म्हणजे आपलं 'काही करत नाही हो तो'च. माझ्या स्पॅनियलची मान धरली तोही काही करत नव्हता.

कायद्याचं म्हणाल तर 1991 चा डेंजरस डॉग्ज ॲक्ट आहे, पण तो मुख्यतः माणसाला, किंवा अंधांना वगैरे मदत करणाऱ्या कुत्र्याला, इजा झाली किंवा होईल अशी रास्त भीती वाटली तरच लागतो. नुसतं कुत्र्याने कुत्र्याला फाडलं असेल तर पोलीस बऱ्याचदा काउन्सिलकडे बोट दाखवतात, आणि उरतो 1871 चा कायदा (हो, अठराशे एकाहत्तर) ज्याखाली मॅजिस्ट्रेटकडून 'हा कुत्रा ताब्यात ठेवा' असा आदेश मागता येतो. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेचं 291 कलम आहे, तेही माणसाला धोका असेल तर. म्हणजे दोन्हीकडे कायदा माणसासाठी, कुत्र्याचं आपलं आपण बघायचं. जातीवर बंदी घालून मोकळं व्हायची हौसही दोन्हीकडे सारखीच, भारतात मार्च 2024 मधे 23 जातींवर बंदी घाला असं पत्रक निघालं आणि एप्रिलमधे कर्नाटक आणि दिल्ली हायकोर्टाने ते उडवलं, इकडे 1 फेब्रुवारी 2024 पासून सूट मिळाल्याच्या सर्टिफिकेटशिवाय एक्सएल बुली जातीचं धिप्पाड कुत्रं ठेवणं गुन्हा झाला. मला नाही वाटत असल्या याद्यांनी फार फरक पडतो, पार्कात सोडलेला लॅब्राडोर कुठल्याच यादीत नसतो.

खरंच घेण्यासारखं काही असेल तर ते कंटाळवाणं आहे. 2016 पासून इथे कुत्र्याला कातडीखाली ओळखीची चिप सक्तीची आहे, मालकाचं नाव पत्ता गळ्यातल्या पट्ट्यावर असावं लागतं, आणि बरेच जण असा इन्शुरन्स घेतात ज्यात आपल्या कुत्र्याने दुसऱ्याचं केलेलं नुकसानही भरून मिळतं. त्यामुळे माझं व्हेटचं (प्राण्यांच्या डॉक्टरचं) बिल समोरच्याच्या इन्शुरन्समधून आलं, आवाज न चढवता.

पण हे सगळं नंतरचं. कुत्रं कुत्र्यावर तुटून पडतं त्या अर्ध्या मिनिटात काय करायचं हे दादालाही माहीत नाही, मावशीलाही नाही आणि इकडच्या बऱ्याच मालकांनाही नाही.

दोन तोंडांच्या मधे हात घालायचा नाही, गळपट्टा धरायलासुद्धा नाही, त्या वेळी आपलंच कुत्रं आपल्याला फोडतं, कारण हात कोणाचा ते बघायला त्याला वेळ नसतो. दात रुतलेले असताना ओढायचं नाही, ओढलं की कातडं फाटतं. मोठ्ठा आवाज, पाणी असेल तर तोंडावर, अंगातलं जॅकेट काढून डोक्यावर टाकायचं, छत्री असेल तर मधे उघडायची. दोन माणसं असतील तर एकेकाने एकेका कुत्र्याचे मागचे पाय मांड्यांपाशी धरून उचलायचे आणि गोल वळत मागे मागे जायचं, ढकलगाडी उलटी ओढत नेल्यासारखं, वळत राहिलं की त्याला मागे फिरून चावता येत नाही. एकटे असाल आणि समोरचं कुत्रं अनोळखी असेल तर हा शेवटचा उपाय. छोटं कुत्रं पटकन उचलून घ्यावंसं वाटतं पण मग दुसरं तुमच्या अंगावर उड्या मारतं, त्यापेक्षा गेटच्या आत किंवा गाडीत ढकलता आलं तर बरं.

सुटल्यावर 'रक्त फार नाही' म्हणून हळद लावून बसायचं नाही. सुळ्याचं भोक बाहेरून टाचणीएवढं दिसतं आणि आत कातडी मासापासून सुटलेली असते, केसांखाली तर तेही दिसत नाही, दोन दिवसांनी पू झाला की कळतं. त्याच दिवशी व्हेट, आणि हिरड्या पांढऱ्या पडल्या किंवा धाप लागली तर तेवढाही वेळ नाही. घरातल्या क्रोसिन, आयबुप्रोफेनला हात लावू नका, कुत्र्याला ते विषारी पडू शकतं. आणि हे खास देशातल्यांसाठी, इंग्लिश व्हिडिओ बघून शिकू नका, कारण ब्रिटनमधे कुत्र्या-मांजरांत रेबीज नाही, इथले लोक ते बोलतच नाहीत. तुमच्याकडे कुत्र्याची लस झालेली असली तरी चावल्यावर बूस्टरचं विचारायलाच हवं, जखम हातमोजे घालून धुवायची, आणि झटापटीत तुम्हाला ओरखडा आला असेल तर साबण लावून 15 मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरून डॉक्टरकडे जायचं.

आता दादाच्या कोपऱ्यावरची तीन भटकी कुत्री. त्याच्या लॅबला, म्हणजे लॅब्राडोरला, ती रोज घेरतात कारण तो रोज त्यांच्या हद्दीतून, बरोब्बर त्यांच्या जेवणाच्या वेळी जातो. पळायचं नाही, पट्टा ताणायचा नाही, काठी मधे धरायची पण मारायची नाही, हे सगळं ठीक, पण त्या कुत्र्यांना रोज खायला घालणाऱ्या काकू आहेत आणि कुठलं अंगावर येतं, कोणाची लस झालीय हे त्यांना तोंडपाठ असणार. 2023 च्या एबीसी (भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीच्या) नियमांत खाण्याची जागा सोसायटीने ठरवून द्यायची आहे, जिने, गेट आणि मुलांच्या खेळायच्या जागेपासून लांब. जागा आणि वेळ हलवली तर कोपरा मोकळा होईल, पण त्यासाठी काकूंशी बोलावं लागेल आणि ग्रुपवर फॉरवर्ड करणं सोपं पडतं.

आणि जाताना बोलशीलच तर दादा, तुझा लॅब रात्री पार्किंगमधे सुट्टा फिरतो त्याबद्दल काकूंचं काय म्हणणं आहे तेही ऐकून घे.