किल्ली परत मिळाली, पण ठसा?

गेल्या सोमवारी ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज आला. नव्या वेबसाइटसाठी सगळ्यांचे एकसारखे प्रोफेशनल फोटो हवेत, सोबतच्या लिंकवर प्रत्येकाने १५ सेल्फी अपलोड करायचे, एआय त्यातून ब्लेझरमधला नेटका फोटो बनवून देईल, शुक्रवारपर्यंत उरकून टाका. मेसेजखाली भराभर अंगठे उमटले. मी अंगठा दिला नाही. का दिला नाही ते ग्रुपवर चार ओळींत मावलं नसतं, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

आधीच सांगते, मी स्वतः अशी सेवा वापरलेली आहे. दीड वर्षापूर्वी नोकरी बदलायच्या खटपटीत होते. प्रोफाइलवर एका ग्रुप फोटोतून कापून काढलेला माझा चेहरा होता, शेजारच्याचा अर्धा खांदाही त्यात आला होता. एका रात्री उशिरा बसून एका ॲपवर १४ सेल्फी चढवले. ॲपने वय, लिंग, वंश, डोळ्यांचा रंग, कामाचं क्षेत्र, सगळं विचारलं आणि मी सगळं भरलं. फोटो किमान १४ हवे होते आणि माझ्याकडे धड असे १३च होते. चौदावा म्हणून मी एक असा फोटो दिला, ज्यात माझी सहा वर्षांची भाची माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून उभी आहे. सकाळी ६० पोर्ट्रेट तयार होती. दोन-तीन खरंच सुरेख होती. माझ्या गालावरचा तीळ मात्र साठांपैकी एकातही नव्हता.

नोकरी लागली. पुढे एकदा बहिणीशी बोलताना त्या चौदाव्या फोटोचा विषय निघाला. ती चिडली नाही. तिने एवढंच विचारलं, "मग तो फोटो आता कुठे आहे?"

मला उत्तर देता आलं नाही. त्याच दिवशी मी अकाउंट डिलीट केलं आणि त्या कंपनीला मेल लिहिला. त्यात दोन प्रश्न होते. माझे फोटो पुसलेत का? आणि माझ्या चेहऱ्यावरून बनवलेलं मॉडेल पुसलंत का? १९ दिवसांनी उत्तर आलं की अपलोड केलेले फोटो धोरणानुसार हटवण्यात आले आहेत. मॉडेलबद्दल अवाक्षर नाही. मी पुन्हा लिहिलं, मग तिसऱ्यांदा लिहिलं. त्यांचं उत्तर आजतागायत आलेलं नाही.

मॉडेल हा शब्द मी का धरून बसले, ते नीट सांगायला हवं.

ऑगस्ट २०२२मध्ये गूगल रिसर्च आणि बॉस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी ड्रीमबूथ नावाची पद्धत मांडली. एखाद्या माणसाचे किंवा वस्तूचे अवघे ३ ते ५ फोटो घ्यायचे, चित्रं काढणाऱ्या तयार मॉडेलला, म्हणजे असंख्य चित्रांवरून आधीच शिकलेल्या संगणकीय यंत्रणेला, त्यांच्यावरून थोडं जास्तीचं शिकवायचं, की ते मॉडेल त्या माणसाला कुठल्याही कपड्यांत, कुठल्याही उजेडात, कुठल्याही जागी उभं करू लागतं. लोरा नावाचं आणखी एक तंत्र वापरलं, तर हे सगळं जास्तीचं शिकणं एका छोट्या फाइलमध्ये मावतं. आपले सेल्फी म्हणजे नुसता कच्चा माल, खरी घडलेली वस्तू ती फाइल. फाइल तयार झाली की तिला आपल्या फोटोंची गरज उरत नाही. कुणी आपली किल्ली मागून घ्यावी, साबणावर तिचा ठसा उमटवावा आणि किल्ली परत आणून द्यावी, तसं आहे हे. "किल्ली परत केली" या त्याच्या म्हणण्यात खोटं काहीच नाही. म्हणून तर प्रश्न ठशाबद्दल विचारावा लागतो.

आता काही सेवा एवढंही करत नाहीत. २०२४च्या सुरुवातीला आलेल्या इन्स्टंटआयडीसारख्या पद्धतींना एकच फोटो पुरतो, वेगळं शिकवणं नाही, काही क्षणांत काम होतं. कमी फोटो, कमी वेळ, म्हणून हे जास्त सुरक्षित वाटू शकतं. मला ते तसं वाटत नाही. तिथे चेहऱ्याचं आकड्यांच्या एका माळेत रूपांतर होतं आणि हे काम चेहरा ओळखण्यासाठी घडवलेलं मॉडेलच करतं. म्हणजे गर्दीतून माणूस हुडकणाऱ्या यंत्रणा ज्या प्रकारचे आकडे वापरतात, त्याच प्रकारचे आकडे आपल्या चेहऱ्याचे निघतात. ते पोर्ट्रेट बनल्यावर लगेच पुसले जातात की कुठे साठतात, हे ॲपच्या स्क्रीनवरून कळायला काहीच मार्ग नाही.

कायदेही याच जागी रेघ ओढतात. युरोपचा जीडीपीआर हा डेटा संरक्षण कायदा म्हणतो की साधा फोटो आपोआप बायोमेट्रिक डेटा ठरत नाही. व्यक्तीची नेमकी ओळख पटवता येईल अशा खास तांत्रिक प्रक्रियेतून तो गेला, की ठरतो. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने तर २००८मध्येच कायदा केला. चेहऱ्याची मोजमापं घेण्याआधी लेखी संमती घ्या, ती मोजमापं कधी नष्ट करणार हे जाहीर करा, आणि काम संपलं की किंवा त्या माणसाशी शेवटचा संबंध आल्यापासून ३ वर्षांत, जे आधी घडेल तेव्हा, नष्ट करा. फोटोंमधले चेहरे ओळखून नावं सुचवण्याच्या सोयीवरून फेसबुकला याच कायद्याखाली ६५ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. २०२२च्या शेवटी सेल्फींवरून एआयने चित्रं बनवणाऱ्या लेन्सा ॲपचे अवतार जगभर गाजले, तेव्हा त्या कंपनीवरही २०२३मध्ये याच कायद्याखाली दावा झाला. पण वापराच्या अटींमध्ये वाद लवादाकडे नेण्याचं कलम होतं, त्यामुळे न्यायालयाने तो लवादाकडे पाठवला. आपण न वाचता "मान्य" म्हणतो ते कलम असं मध्येच उभं राहतं. भारताच्या २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. मी भाचीचा फोटो चढवला तेव्हा तिच्या आईला विचारलंसुद्धा नव्हतं.

आणि ठसा मोडायला लावता येतो, हेही सिद्ध झालेलं आहे. एव्हर नावाचं फोटो साठवायचं ॲप होतं. अकाउंट बंद केलेल्यांचे फोटो पुसू असं सांगूनही त्या कंपनीने ते ठेवले होते, आणि लोकांच्या फोटोंवर चेहरा ओळखण्याचं तंत्र घडवलं होतं. २०२१मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित जपणाऱ्या सरकारी संस्थेने, तिला फोटो तर पुसायला लावलेच, शिवाय त्यांच्यावर घडवलेली मॉडेलं आणि अल्गोरिदमही नष्ट करायला लावले. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. फोटो आणि फोटोतून घडलेली वस्तू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यात कागदावर आलं.

हे सगळं मी ऑफिसात एका सहकाऱ्याला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "अगं, आपले फोटो आहेतच की सगळीकडे. त्यात नवं काय देणार आपण?" तो शहाणा माणूस आहे आणि त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. क्लिअरव्ह्यू एआय या कंपनीने इंटरनेटवरून अब्जावधी चेहरे न विचारता गोळा केले, हे २०२०मध्ये उघड झालं. पुढे इटलीने, ब्रिटनने, नेदरलँड्सने तिला दंड ठोठावले. म्हणजे चेहरे बाहेर आहेत हे खरं. पण सोशल मीडियावर विखुरलेले चार फोटो आणि आपण स्वतः निवडून, समोरून, डावीकडून, उजवीकडून, चांगल्या उजेडात, चष्म्यासह आणि चष्म्याविना काढून दिलेला संच यांत फरक आहे. त्या संचासोबत आपलं नाव जातं, ईमेल जातो, कार्डाचा तपशील जातो, वय आणि वंश आपणच भरून देतो. लोकेशन काढून टाकलेलं नसेल तर फोटो कुठे काढला तेही फाइलच्या आत असतं. इतकी नीट लावलेली माहिती चोरूनसुद्धा सहज मिळत नाही.

शिवाय कंपन्या विकल्या जातात. २०२५च्या मार्चमध्ये ट्वेंटीथ्री अँड मी या जनुकीय चाचण्या करणाऱ्या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा दीड कोटी ग्राहकांच्या माहितीचं पुढे काय, हा प्रश्न एका रात्रीत उभा राहिला. पोर्ट्रेट बनवणाऱ्या बऱ्याच सेवा तिच्यापेक्षा कितीतरी लहान आहेत, दोन-चार माणसांनी चालवलेल्या. आज त्यांचा हेतू चांगला असेलही. पण उद्या सर्व्हर कुणाच्या हाती असेल, हे त्यांनाही सांगता येणार नाही.

पोर्ट्रेटमध्ये दिसतो तो चेहरा आपलाच असतो का, हाही प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर सगळ्यांसाठी सारखं नाही. २०२३मध्ये अमेरिकेत शिकणाऱ्या आशियाई वंशाच्या एका विद्यार्थिनीने आपला फोटो प्रोफेशनल करून मागितला, तर एआयने तिला गोरी कातडी आणि निळे डोळे दिले. त्याआधी लेन्सावर आशियाई वंशाच्याच एका पत्रकार महिलेने १०० अवतार बनवून घेतले. त्यातल्या १६ चित्रांत तिच्या अंगावर वरचे कपडेच नव्हते. तिने तसं काही मागितलं नव्हतं. ज्या ठशातून ब्लेझर निघतो, त्याच ठशातून हेही निघतं. अशी फाइल भलत्याच्या हाती पडली तर एखाद्या बाईच्या आयुष्याचं काय होऊ शकतं, हे कुणाही बाईला फोड करून सांगावं लागत नाही. ऑफिसच्या त्या मेसेजवर अंगठा न देण्यामागे माझ्या मनात सगळ्यात वर हीच गोष्ट होती.

असं असूनही, ही ॲप कुणी वापरूच नयेत असं मी म्हणणार नाही. स्टुडिओत जाऊन फोटो काढणं सगळ्यांना परवडत नाही, आणि कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं म्हटलं की ज्यांना घाम फुटतो अशी माणसंही मला माहीत आहेत. ज्याला सगळं समजून स्वतःचा चेहरा द्यायचाय, त्याने द्यावा. फक्त देताना वेगळा ईमेल वापरावा, लोकेशन काढून टाकावं, दुसऱ्या कुणाचाही चेहरा, विशेषतः मुलांचा, फोटोत येऊ देऊ नये. अटींमध्ये "आमच्या सेवा सुधारण्यासाठी" असं काही दिसलं, तर ते दोनदा वाचावं, कारण दुसऱ्या मॉडेलांना शिकवण्याची परवानगी अनेकदा तिथेच दडलेली असते. ज्यांच्याकडे दमदार ग्राफिक्स कार्डाचा संगणक आहे, त्यांना हे सगळं घरच्या मशीनवर करता येतं आणि फोटो बाहेर जातच नाहीत. पासपोर्ट किंवा व्हिसासाठी मात्र अशी चित्रं वापरू नयेत, तिथे खराच चेहरा लागतो.

माझी हरकत आहे ती "शुक्रवारपर्यंत" या शब्दाला. पगार देणारा मागतो तेव्हा नाही म्हणणं सोपं नसतं. युरोपातल्या डेटा संरक्षण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही हे मांडलेलं आहे: मालक आणि कर्मचारी यांच्यात बळाचा इतका फरक असतो, की कर्मचाऱ्याची संमती मोकळ्या मनाने दिलेली मानणं बहुतेक वेळा अवघड असतं. मेसेजखालचे ते अंगठे मला संमती वाटले नाहीत. कुणी घाईत दिला असेल, कुणी आपण एकटंच वेगळं दिसू नये म्हणून दिला असेल.

मंगळवारी मी आमच्या एचआर मॅडमना मेल केला. त्याचा मजकूर जसाच्या तसा देतेय, कुणाला उपयोगी पडला तर जरूर घ्या: "मॅडम, फोटो अपलोड करण्याआधी काही गोष्टी कळायला हव्यात. या सेवेत प्रत्येकाच्या चेहऱ्याचं वेगळं मॉडेल किंवा बायोमेट्रिक नोंद तयार होते का? होत असेल तर ती किती दिवसांत नष्ट होते आणि तसं लेखी कोण देणार? आमचे फोटो इतर मॉडेलांना शिकवण्यासाठी वापरले जाणार नाहीत, हे करारात आहे का? आणि एखाद्याला यात भाग घ्यायचा नसेल, तर त्याच्यासाठी दुसरा पर्याय काय?"

मॅडमनी तासाभरात फोन केला. त्या म्हणाल्या, हे आम्ही त्यांना विचारलंच नव्हतं. त्यांनी सेवा देणाऱ्या कंपनीला तेच प्रश्न पाठवले. गुरुवारी आलेल्या उत्तरात फोटो ३० दिवसांत हटवू असं होतं आणि मॉडेलबद्दल पुन्हा काहीच नव्हतं. त्याच संध्याकाळी ग्रुपवर दुसरा मेसेज आला की अपलोड करणं ऐच्छिक आहे. मीटिंग रूमच्या मोठ्या खिडकीशी पांढरा पडदा लावून शुक्रवारी फोनवरच फोटो काढले. आम्ही नऊ जण तिथे उभे राहिलो, तिघांनी ॲपचाच फोटो ठेवला. माझ्या फोटोत तीळ आहे.

काल मी त्या जुन्या ॲपच्या कंपनीला चौथा मेल पाठवला. या वेळी माझ्या चेहऱ्याबद्दल काहीच लिहिलं नाही. फक्त चौदाव्या फोटोतल्या मुलीबद्दल विचारलंय, आणि सीसीमध्ये तिच्या आईला ठेवलंय.