एकच माउंटिंग बदलायचं की सगळी? देवगडच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया वाचली आणि दोन दिवस डोक्यातून गेली नाही. इंजिनाला गाडीच्या सांगाड्यावर धरून ठेवणारे रबराचे आधार म्हणजे माउंटिंग; त्यातलं 'गेलंय तेवढंच माउंटिंग बदला' असं मी गेल्या लेखात लिहिलं होतं. त्यावर विसंबून तुम्ही मागच्या गणपतीआधी बारा वर्षांच्या डिझेल गाडीचं इंजिनाच्या बाजूचं माउंटिंग बदललंत आणि मे महिन्यात ते परत गेलं. दोनदा मजुरी भरावी लागली. शेजाऱ्याने मात्र माउंटिंगच्या जागी टायरचा तुकडा कोंबून दोन वर्षं काढली. शिवाय घरच्या घरी तपासायला सांगून मी लोकांचे हात धोक्यात घालतो, असंही तुम्ही म्हणालात.

हे शेवटचं आधी घेतो, कारण तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. बॉनेट उघडून, हाफ क्लच देऊन इंजिन किती उचलतं ते बघा, एवढंच मी लिहिलं. बघणाऱ्याने गाडीच्या समोर कधीच उभं राहायचं नाही, हॅण्डब्रेक ओढलेला हवा, हात आत घालायचा नाही, हे लिहायचं राहिलं. आता लेखात घातलंय.

एकच की सगळी, यातही मी अर्धवट लिहिलं. आडव्या इंजिनाच्या गाडीत साधारण तीन माउंटिंग असतात, काहींत चार. इंजिनाच्या बाजूचं आणि गिअरबॉक्सच्या बाजूचं, ही दोन वजन पेलतात. खालचं टॉर्क रॉडचं असतं. गाडी ओढ घेते तेव्हा इंजिन मागेपुढे झुलतं, ते हे धरून ठेवतं. खालचं गेलं तर क्लच सोडताना धप्पकन आवाज येतो. ते एकटं बदललं तरी चालतं, हे मी आजही म्हणेन. पण वजन पेलणारं माउंटिंग दबून खाली बसलं की इंजिन तिरकं होतं आणि बाकीची कित्येक महिने पिळलेल्या अवस्थेत काम करतात. अशा वेळी ती बघितल्याशिवाय एकच बदलणं चूक. दोन्हींना मी एकच नियम लावला, ती चूक माझी.

तरीही नऊ महिन्यांत नवं माउंटिंग जाण्यामागे फक्त जुने सोबती असतील, हे मला पटत नाही. माझंही इंजिनाच्या बाजूचं वर्षाच्या आत दुसऱ्यांदा गेलं होतं. काढून हातात घेतलं तर रबर फुगलेलं, बोट दाबलं की आत जाई, नखाने खरवडलं की काळा लगदा निघे. वर टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग गळत होतं आणि ऑइल थेंब थेंब नेमकं माउंटिंगवर पडत होतं. कुडाळचे माझे मेकॅनिक तेव्हा म्हणाले, "आधी ऑइल बंद कर, मगे रबर घाल." पॅकिंग माउंटिंगपेक्षा खूप स्वस्त पडलं.

दुसरं कारण बोल्ट आवळण्याचं. इंजिन जॅकवर उचललेलं असतानाच बोल्ट आवळून टाकले तर रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलं राहतं. सगळे बोल्ट आट्यांत नीट बसवायचे, पण ढिले ठेवायचे. जॅक उतरवून इंजिन स्वतःच्या वजनावर बसू द्यायचं, थोडं हलवायचं, मग शेवटचं आवळायचं. घाईच्या दिवसांत हे राहून जातं, आणि गणपतीआधी गॅरेजमध्ये काय गर्दी असते ते तुम्हाला ठाऊकच आहे.

खाऱ्या हवेला तुम्ही दोष दिलात. रबराला ती फारशी बाधत नाही, ब्रॅकेट आणि बोल्ट मात्र खाते. म्हणून आदल्या रात्री बोल्टवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवावा, पण रबर फडक्याने झाकून. तो स्प्रेही रबराला तेलासारखाच मारक.

टायरचा तुकडा इंजिन धरतो, कंप मात्र गिळत नाही. तो सगळा बॉडीत उतरतो. तुमच्या माउंटिंगमध्ये आत द्रव भरलेला असेल तर तो गळून गेल्यावर कुठल्याही तुकड्याने भरपाई होत नाही. फोंडा घाट उतरून हळूहळू घरी येण्यापुरता तुकडा ठीक. दोन वर्षं काढायची तर त्या कंपामुळे सायलेन्सरचा जाळीचा पाइप आणि होज (रबरी नळ्या) सारखे बघत राहावे लागतात.

आता खर्चाचं. पॅकिंग गळत असेल तर पहिला पैसा तिथे. मग इंजिनाच्या बाजूचं माउंटिंग, आणि जॅक लागलेलाच असताना बाकीची टॉर्च मारून बघून घ्या. चीर दिसली तर तीही त्याच दिवशी बदला, मजुरी बरीच वाचते. कोल्हापूरहून मागवलंत तरी नवंच घ्या. भंगारातल्या गाडीचं घेऊ नका, न वापरताही रबर कडक होत जातं.

एक विचारायचं आहे. मे महिन्यात काढलेलं माउंटिंग अजून घरात आहे का? असेल तर रबर फुगून मऊ पडलंय की एका बाजूने तिरकं चिरलंय, ते बघा. फुगलं असेल तर इंजिन बंद आणि थंड असताना टॅपेट कव्हरखाली बोट फिरवा, ऑइल लागतं का ते कळेल. तिरकी चीर असेल तर बोल्ट कधी आवळले ते तुमच्या मेकॅनिकला विचारा. फोटो टाकलात तर या शनिवारी कुडाळला दाखवून येतो.