इंजिन आजारी चालेल, पत्रा कुजका नको

"जुनी ऑल्टो स्वस्तात मिळतेय, इंजिनात थोडं काम आहे, घेऊ का?" पाऊस सुरू झाला आणि गणपती जवळ आले की कोकणात हा प्रश्न हमखास येतो. त्यावर माझा उलटा प्रश्न एकच असतो: गाडी इतकी वर्षं राहिली कुठे?

मालवण-हर्णैकडे समुद्राच्या तोंडावर दहा वर्षं उघड्यावर उभी राहिलेली गाडी आणि कराड-कोल्हापूरकडे शेडमध्ये राहिलेली गाडी, दोघींचं मॉडेल आणि किलोमीटर सारखे असले तरी त्या एका भावाच्या नाहीत. घाटावरची, धूर मारणारी पण पत्र्याने कोरी गाडी मी एकवेळ घ्या म्हणेन. किनाऱ्यावरची, अर्ध्या चावीत सुरू होणारी पण खालून कुजलेली गाडी फुकट दिली तरी नको. इंजिनाचा प्रत्येक पार्ट बाजारात मिळतो आणि काम एकदा नीट झालं की वर्षानुवर्षं बघावं लागत नाही. कुजलेल्या पत्र्याला ठिगळ मारलं की वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचा रंग आतून जळतो, तिथे ब्रश पोचत नाही, आणि दोन पावसाळ्यांत ठिगळाच्या शेजारीच नवं भोक पडतं.

म्हणून बघायला सुरुवात बॉडीपासून करा. बॉनेट उघडा. पुढच्या शॉकअपची वरची टोकं ज्या वाटीसारख्या पत्र्यात नटांनी आवळलेली असतात, तिच्या कडेला जोडाची रेघ दिसेल. रंग फुगलेला दिसला तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोका. टणटणीत आवाज आला तर गंज वरवरचा. आवाज बद्द आला आणि पापुद्रे गळले तर बॉनेट बंद करून चहा प्या आणि घरी जा. पुढच्या चाकांचे सगळे धक्के त्या वाटीवर येतात. ती खचली की चाकांची अलाइनमेंट टिकत नाही आणि टायर एका बाजूने खाल्ले जातात.

मग दरवाज्याखालची सिल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधली पत्र्याची लांब पट्टी. तिथल्या जॅक पॉइंटवर खरोखर जॅक लावून गाडी उचला. जॅक पत्र्यात रुतायला लागला तर उत्तर मिळालं. मॅट आणि खालचं कार्पेट उचलून हात फिरवा, डिकीतली स्टेपनी काढून तिच्या खड्ड्यात बघा. चकचकीत नव्या रंगाचा संशय आला तर मऊ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक चाकांच्या कमानीवरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे.

खालून मागच्या चाकांकडे जाणारे ब्रेकचे बारीक स्टीलचे पाइप नखाने खरवडा. किनाऱ्यावरच्या गाडीत इंजिनाआधी हेच जातात. कपच्या निघत असतील तर ते बदलल्याशिवाय कुंभार्ली किंवा आंबोली घाट उतरायचा विचारही नको. ब्रेक ऑइल आपल्याकडच्या दमट हवेतलं पाणी शोषतं. डॉट 3 दर्जाचं नवं ऑइल 205 अंशांच्या पुढे उकळतं, पाणी शिरलेलं 140 च्या आसपासच. घाटात सतत ब्रेक दाबत उतरलं की पेडल मऊ का पडतं, ते यावरून कळेल.

आता इंजिन. गाडी थंड असताना बघायचीच, असं आधी सांगून ठेवा आणि पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. मालकाने गरम करून ठेवली असेल तर ती पुन्हा थंड होईपर्यंत थांबा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे इंधन जास्त जातंय. पांढरा धूर सकाळी थोडा वेळ येतोच; गाडी गरम झाल्यावरही येत राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचं डोकं आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील, गेलंय. ऑइल कॅपच्या आत दुधाळ साय दिसली की लोक घाबरतात, पण पावसाळ्यात बाजारापर्यंतच फिरणाऱ्या गाडीत ती नुसत्या दमटपणानेही धरते. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची काठी, काढा, तिच्यावरचं ऑइलसुद्धा चहासारखं दिसलं तर मात्र पाणी आत गेलंय. रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडा. गंजाने लालसर गढूळ झालेलं पाणी म्हणजे बहुधा वर्षानुवर्षं कूलंटऐवजी विहिरीचं पाणी घातलंय, आणि खाडीकाठच्या विहिरी बऱ्याचदा खाऱ्या असतात.

"थोडं काम" म्हणजे किती, हे कॉम्प्रेशन गेजने, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणाऱ्या मीटरने, ठरवा, अंदाजाने नाही. छोट्या पेट्रोल इंजिनात सिलिंडरमागे साधारण 150 ते 180 पीएसआय (दाबाचं माप) हवं, आणि सिलिंडरांमधला फरक 10-15 टक्क्यांच्या आत. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, म्हणजे फुल इंजिन काम. चढला नाही तर व्हॉल्व किंवा गॅस्केट, म्हणजे फक्त हेड उतरवून भागेल. दोन्हींच्या खर्चात निम्म्याहून जास्त फरक पडतो. ही दहा मिनिटांची तपासणी नको म्हणणाऱ्या मालकाशी भाव करत बसू नका.

क्लच चढावातच कळतो: तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही, तर प्लेट गेली. हा मोठा खर्च नव्हे, भावात वजा करा. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना कट-कट आवाज आला तर ॲक्सलचा जॉइंट गेलाय. सस्पेन्शनमधले लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड आपल्या रस्त्यांवर जाणारच, त्यावरून गाडी नाकारू नका.

"मुंबईकराची गाडी, फक्त गणपती-शिमग्याला चालते, किलोमीटर अगदी कमी." ही जाहिरात सगळ्यात मोहक आणि मला सगळ्यात नावडती. उभ्या गाडीत उंदीर वायरिंग खातात, ब्रेकचे कॅलिपर अडकतात, क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटते. टायरला भरपूर नक्षी असते पण रबर कडक झालेलं असतं. टायरवरचे चार आकडे वाचा: 2317 म्हणजे 2017 चा तेविसावा आठवडा. आकडा सहा-सात वर्षांमागचा असेल तर चार नव्या टायरांचे पैसे धरूनच बोला.

पुराची गाडी वेगळीच. 22 जुलै 2021 ला चिपळूण-महाडमध्ये असंख्य गाड्या बुडाल्या. घाटावरची म्हणून निश्चिंत होऊ नका, 2019 ला कोल्हापूर-सांगलीही पाण्यात होतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, तळाशी गाळाची रेघ दिसते. सीटचे रूळ आणि डॅशखालचे कनेक्टर टॉर्च मारून बघा. अशा गाडीत वायरिंग आणि ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) कधी दगा देतील ते कोणीच सांगू शकत नाही. त्यामुळे इथे माझं उत्तर सरळ "नको".

कागदांत: 15 वर्षं भरत आली असतील तर पुढच्या पाच वर्षांच्या नोंदणीची 5,000 रुपये फी, पर्यावरण कर आणि पासिंगसाठी करावं लागणारं काम किमतीतून वजा करा. गाडी नावावर करण्याच्या फॉर्म 29 आणि 30 वर सही, कर्ज असेल तर ते आरसीवरून काढायचा फॉर्म 35 आणि बँकेचं एनओसी, थकलेली ई-चलनं, आणि 1 एप्रिल 2019 आधीची नोंदणी असेल तर नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लागली आहे का. नावावर होईपर्यंत थोडी रक्कम हातात ठेवा.

आणि घेतलीतच, तर पहिल्या दिवशी हिराची (झावळीच्या झाडूतली) काडी घेऊन प्रत्येक दरवाज्याच्या खालच्या कडेची बारीक भोकं मोकळी करा. लाल मातीने ती बुजतात, आत पाणी साठतं. मोकळी झाली की तांबडं पाणी बराच वेळ ठिबकत राहतं.