वरून पडणाऱ्या वस्तूत काय भरलंय, ते खालच्यांना सांगा

आज दुपारी डबा खाताना आभाळातून कोसळणाऱ्या निकामी उपग्रहांचा विषय निघाला. एकजण म्हणाला, "त्यात काय घाबरायचं? पृथ्वीवर बहुतेक समुद्रच आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला घास उतरेना.

२०२२ च्या पाडव्याला संध्याकाळी माझी मावशी चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीकडच्या तिच्या गावी अंगणात होती. आभाळातून जळते लोळ जाताना तिने पाहिले. लाडबोरीत माणसापेक्षा मोठं धातूचं कडं येऊन पडलं. रात्री तिचा फोन, "काय वं बाई, हात लावला त काही होते का?" ते चिनी रॉकेटचे तुकडे असावेत, हे नंतर कळलं. त्या रात्री तिला उत्तर देणारं कुणी नव्हतं.

आणि ते नुसतं रॉकेट. हेरगिरीच्या उपग्रहात काय आहे हे तर मुद्दाम लपवतात. सोव्हिएत रशियाचा कॉसमॉस ९५४ घ्या. अमेरिकी नौदलावर रडारने नजर ठेवणारा, पोटात युरेनियमची अणुभट्टी. काम संपलं की भट्टी सुटी करून उंच कक्षेत ढकलायची सोय होती, तीच चालली नाही. २४ जानेवारी १९७८ ला तो उत्तर कॅनडावर फुटून पडला. सोव्हिएतांनी कॅनडाला आधी कळवलंसुद्धा नाही! किरणोत्सारी तुकड्यांसाठी १ लाख २४ हजार चौरस किलोमीटर मुलूख धुंडाळावा लागला. कॅनडाने ६० लाख डॉलर मागितले, हातात पडले ३० लाख. वर लोक म्हणतात, तिथे राहतंय कोण? अहो, तिथले मूळ रहिवासी डेने लोक राहतात! तिथलेच मासे, तिथलेच कॅरिबू (रानटी रेनडिअर) खाऊन जगतात. ती काय माणसं नाहीत?

२००८ मध्ये अमेरिकेने आपलाच बिघडलेला हेरगिरीचा उपग्रह यूएसए-१९३ क्षेपणास्त्राने फोडला. लोकांना विषारी इंधनापासून वाचवायला फोडला, या त्यांच्या सांगण्यावर माझा विश्वास नाही. पण टाकीत साडेचारशे किलो हायड्रेझिन हे विषारी इंधन आहे हे आधी सांगितलं, एवढं मान्य.

डोक्यात पडण्याची शक्यता नगण्य, हेही मान्य. पण मावशी शक्यता विचारतच नव्हती. पहाटे मोहफुलं वेचायला रानात जावं का, नातवाला त्या कड्याजवळ जाऊ द्यावं का, एवढंच तिला हवं होतं. बिचारी रात्रभर जागी होती.

अवकाशातल्या वस्तूंनी केलेल्या नुकसानीबद्दलच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारात भरपाई देशाने देशाकडे मागायची. अणुइंधनाची आगाऊ सूचना द्यावी, असं संयुक्त राष्ट्रांनी १९९२ मध्ये म्हटलं, पण तेही बंधनकारक नाही. ते बंधनकारक करा, आणि विषारी इंधनालाही लावा. कॅमेऱ्याची गुपितं ठेवा तुमच्यापाशी. टाकीत काय आहे ते मात्र तुकडा पडायच्या आधी आमच्या तहसीलदाराला, सरपंचाला कळलंच पाहिजे, आणि तेही मराठीत.